मोडीतून उरलेला गोंडा

केळीबागवाली | शुक्रवार, रात्री १०:४०

धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

१९८७ साली आमच्या आजीची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ, मोडली. मोडली म्हणजे तुटली नाही, मोडीत घातली. आत्याचं लग्न ठरलं होतं, पैसे कमी पडत होते, नेहमीचंच. मी नऊ वर्षांची, आजीचा पदर धरून नागपूरच्या इतवारीत, सराफा ओळीत गेले होते. गादीवरच्या माणसाने कात्रीने गोंडा कापला, मणी बशीत सोडले आणि बशी आत कारागिराकडे पाठवली. मण्यांच्या पोटातली लाख तापवून काढत होते, तिचा वास बाहेर गादीपर्यंत आला. मग सोनं काट्यावर चढलं. लाल रेशमाचा गोंडा आणि दोरा तेवढा त्याने बोटाने आमच्याकडे सरकवला, "हे न्यायचं तर न्या." आजीने तो रुमालात बांधला. येताना बडकस चौकात मला उसाचा रस पाजला, स्वतः नाही घेतला.

ती गेल्यावर तो गोंडा तिच्या करंड्याखाली सापडला. रंग उडून विटकरी झालेला. इतकी वर्षं माझ्या कपाटात नुसता पडून होता.

आता मुद्द्याचं. गोकुळपेठेत एक ताई दागिने शिकवतात. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. बाहेर शिकून आल्या, मग काही वर्षं इतवारीतल्याच एका कारागिराच्या हाताखाली बसल्या. वर्ग घराच्या मागच्या खोलीत, एका वेळी नऊ माणसं. प्रवेशाची अट एकच: सोनं आणायचं नाही. ज्याचा सराफ एक रुपयाही देणार नाही अशी वस्तू घरातून आणायची.

पहिल्या दिवशी टेबलावर जे काय आलं! एकीने फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणले, एकाने वडिलांच्या घड्याळाचं बक्कल. पाचपावलीच्या एका मुलाने आजोबांच्या मागावरचा धोटा आणला. खापा भागातल्या एका बाईने मॅंगनीजचा दगड आणला, तिचे वडील खाणीत होते. मुठीएवढाच, पण उचलला की हात खाली जातो, आणि ठेवला की तळहात काळा. ताईंनी तो सगळ्यांच्या हातातून फिरवला आणि नंतर कोणाला हात धुवू दिले नाहीत. दोन तास आम्ही नऊ जण काळे हात घेऊन बसलो. चहाच्या कपांवर, वहीवर, एकीच्या पांढऱ्या ओढणीवर ठसे. "हे तिच्या घरी रोज होत होतं," एवढंच बोलल्या.

पहिले दोन आठवडे काही बनवायचं नाही. वस्तूचं वजन करा, वास घ्या, चित्र काढा, तिला कोणाकोणाचे हात लागले ते लिहा. धोटावाला मुलगा कंटाळला आणि त्याने घरीच करवतीने धोट्याचा एक काप काढला. वरून हात लागून लागून तो जांभळट काळा झालेला, आत लाकूड अगदी कोवळं, पिवळं. ताई त्याला रागावतील असं वाटलं. त्यांनी तो काप उजेडात धरला आणि कडेची काळी रेघ मोजली. जेमतेम केसाएवढी.

तिसऱ्या आठवड्यात तांब्यावर डाग द्यायला, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडायला, शिकलो. सवागी, म्हणजे टाकणखार, आधी फुगते, पांढरा फेस येतो, घाबरायला होतं. मग ती बसते, काचेसारखी पातळ होते, आणि त्या क्षणी डाग पळतो. माझी पहिली अंगठी मी त्या क्षणाच्या पुढे नेली, तिचा गोळा झाला.

गोंड्याचं काय करावं ते सुचेना. मला तो काचेच्या डबीत बंद करायचा होता. ताई म्हणाल्या, डबी कपाटात जाईल, तिथे तो होताच की. शेवटी असं केलं: गळ्यात तांब्याची नुसती तार. तारेवर एकवीस ठोके, जिथे जिथे मणी होते तिथे. आणि मागे, मानेवर, गोंडा. समोरून बघणाऱ्याला मी काहीच घातलेलं नाही असं वाटतं.

आई म्हणाली, "पुढे भोपळा आणि पाठीवर गोंडा, हे काय सोंग?" नवऱ्याने विचारलं, "याची मोड काय?" भांडण नाही हो, पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे टाकतेय. आणि नागपुरात अजून पोत गाठवून देणारे जुने पटवेकर कोणाला माहीत आहेत का? गोंड्याची गाठ मला कळली नाही, उसवून बघायची हिंमत नाही.

---

नुस्ता_वाचक | शुक्रवार, १०:५२

फोटो?

---

इतवारीचा_बोका | शुक्रवार, ११:३०

छान लिहिलंय ताई. पण मी सराफाच्या घरातला, त्यामुळे कडू बोलतो, माफ करा.

अडीअडचणीला जो उभा राहतो तो दागिना. तुमच्या आजीची एकदाणी आत्याच्या लग्नात उभी राहिली, तिचं काम तिने केलं. आमच्याकडे येणारी बाई डिझाइन नंतर बघते, आधी विचारते, "मोडताना किती कटेल?" घडणावळ गेली समजा, लाख वजा, खडे वजा, उरलं ते ९१६चं, म्हणजे बावीस कॅरटचं, सोनं. आता हॉलमार्क सक्तीचा आहे, नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असतो, तरी प्रश्न तोच. यात वाईट काय आहे? बाईच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं, बँकेत खातं नव्हतं. गळ्यात होतं तेवढंच तिचं.

तांब्याच्या तारेला ठोके मारून आठवण होते, दागिना होत नाही. राग नसावा.

आणि ताईंची अट चुकीची आहे. सराफ ज्याचा रुपया देत नाही अशी वस्तू? आमच्या ओळीतली धूळसुद्धा विकली जाते. कारागिराच्या बैठकीखालची झाडलोट, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी, सगळं साठवतात आणि झारेकऱ्याला ठरवून देतात. पहाटे दुकानांपुढची माती आणि नालीतला गाळ गोळा करणारी सोनझारी माणसं लहानपणापासून पाहतोय. परातीत पाणी घालून फिरवतात, फिरवतात, आणि तळाशी डोळ्याला दिसेल न दिसेल असा कण राहतो. आमच्या धंद्यात फुकट काही जात नाही.

---

संत्र्याची_साल | शुक्रवार, ११:४१

फी किती हाय ताई? अन् सोनं आणाचं नाही म्हणजे आपल्यासारख्यासाठीच क्लास दिसून राहिला. 😄

---

केळीबागवाली | शनिवार, सकाळी ७:१५

@बोका, राग कशाला. पण तुम्हीच उत्तर दिलंत की. धूळ विकली जाते, राख विकली जाते, मग आजीचा गोंडा काय म्हणून आमच्याकडे सरकवला? त्याचंच काही येत नव्हतं म्हणून.

@साल, फी व्यनि केली आहे.

---

म्युनिकमुक्कामी | शनिवार, दुपारी १:०५

मूळ धंतोलीचा, सध्या इथे. बोकाभाऊंचा प्रश्न इथल्या लोकांनी पार खेळून झालाय, म्हणून लिहितो.

ओटो क्युन्झली म्हणून एक स्विस कलाकार. इथल्या कला अकादमीत त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ दागिने शिकवले. त्यांचं १९८० सालचं एक कडं आहे: काळ्या रबराची नळी, वळवून जोडलेली. एका जागी फुगवटा. आत सोन्याची गोळी आहे म्हणतात. बघायची तर कडं कापावं लागेल, आणि कापलं की कडं गेलं. नाव काय, तर "सोनं आंधळं करतं". इथल्या एका संग्रहालयात दागिन्यांसाठी गोल तळघरासारखं दालन आहे, तिथे अशा गोष्टी बघत मी तासभर उभा होतो. आमच्या आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "सायकलची ट्यूब."

त्यांचंच दुसरं काम मला जास्त लागलं. १९८५-८६ मधलं. वापरलेल्या ४८ लग्नाच्या अंगठ्या गोळा करून एकमेकींत ओवून साखळी केली. सोनंच आहे, मोड उत्तम येईल. पण गळ्यात घालायला माणूस कचरतो. ४८ लग्नं मानेवर! कोणती मोडली, कोणती मरणाने संपली, कोणाला माहीत.

---

इतवारीचा_बोका | शनिवार, १:४०

रबरात सोनं लपवलं की कलाकार. आमच्या आजीने आयुष्यभर कमरेच्या चंचीत लपवलं, तिला कोणी अकादमीत बोलावलं नाही.

अंगठ्यांचं मात्र पटलं. मोडीला आलेल्या अंगठीच्या आत नाव कोरलेलं असलं की आमचा कारागीर ते वाचत नाही. सरळ मुशीत टाकतो. विचारलं तर म्हणतो, वाचलं की हात थांबतो.

---

सुपारीची_पिशवी | शनिवार, सायंकाळी ६:२०

मी पंच्याहत्तरीची आहे, नातू टाईप करून देतो आहे.

बोका, तू सराफाच्या घरातला म्हणतोस, तर १९६३ घरात कोणी सांगितलं असेलच. जानेवारी महिना. चीनच्या लढाईनंतर सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. मोरारजीभाई अर्थमंत्री होते. त्याच्या थोडंच आधी, त्याच हिवाळ्यात, बायकांनी संरक्षण निधीला अंगावरच्या बांगड्या काढून दिल्या होत्या. माझ्या आईनेही एक दिली. आमच्या समोरच्या वाड्यात एक सोनारकाका बसायचे. बागेसरीत, म्हणजे सोनाराच्या शेगडीत, कोळसे फुललेले असायचे, फुंकणीचा आवाज म्हणजे आमचं सकाळचं घड्याळ. तो आवाज थांबला. चौदा कॅरटचं सोनं कडक, त्यांच्या हाताला त्याची सवय नव्हती आणि गिऱ्हाईकही नव्हतं. देशभर सोनारांनी जीव दिले तेव्हा. आमच्या काकांनी हातोड्या तेल लावून फडक्यात गुंडाळल्या आणि गिरणीत कामाला लागले. काही वर्षांनी ती चौदाची अट उठली, पण ते परत बसले नाहीत. कायदा तर पुरता गेला १९९० साली, तोवर काका गेलेही होते.

दुसरं. तुम्ही सगळे मोडली, तुटली, फुटली लिहिता. आमच्या काळी काळी पोत तुटली असं कोणी तोंडाने म्हणायचं नाही. पोत "वाढली" म्हणायचं. बांगडी वाढली. मणी घरभर सांडले तरी वाढलीच. मग सूप घेऊन सगळ्यांनी वेचायचे आणि पटवेकर येईपर्यंत वाटीत ठेवायचे. एक मणी हरवला तर आजी जेवायची नाही.

---

म्युनिकमुक्कामी | शनिवार, ६:५५

आजी, नमस्कार. १८१३ साली प्रशियात असंच झालं होतं, नेपोलियनविरुद्धच्या लढाईला बायकांनी सोनं दिलं आणि बदल्यात लोखंडाचे दागिने मिळाले. पुढे लोखंड घालणंच मानाचं झालं. आपल्याकडे बांगडी देऊन हात रिकामा राहिला.

---

इंदोरा_१४ | शनिवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं. छान वाटतं, पण मला एक गोष्ट खटकते आहे. आठवण म्हटलं की सगळ्यांच्या घरात आजीची एकदाणी का निघते?

१९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांची वेगळी सभा घेतली होती. लुगडं कसं नेसता, गळ्यात आणि कोपरापर्यंत हातात काय घालता, यावरून तुमची जात लांबून ओळखू येते, ते सोडून द्या, असं सांगितलं. आमच्या पणजीपर्यंत ते नागपूरला पोचायला किती वर्षं लागली माहीत नाही, पण पोचलं. तिचे गिलटाचे जड वाळे होते, पायाला घट्टे पडलेले. एके दिवशी तिने ते काढून टाकले. विकलेही नाहीत, आजीच्या सांगण्याप्रमाणे नाल्यात फेकले. पुढे १९५६ला दीक्षाभूमीवर गेली ती पांढरं लुगडं नेसून, अंगावर मण्याएवढंही काही न घालता. आमच्या घरात हीच गोष्ट अभिमानाने सांगतात.

आता मी त्या वर्गात काय घेऊन जाऊ? तुमच्या ताईंच्या टेबलावर ठेवायला माझ्याकडे वस्तूच नाही. आणि नाही हेच बरं आहे.

---

नुस्ता_वाचक | शनिवार, ९:४८

+१. आणि फोटो?

---

केळीबागवाली | रविवार, सकाळी ८:००

@इंदोरा, रात्री वाचलं आणि उत्तर टाईप करून दोनदा पुसलं. आठवण म्हणजे जपून ठेवलेलं, असंच मी धरून चालले होते. ताईंना तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला, चालेल ना? त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "वस्तू आणा ही अट मी माझ्या घराकडे बघून केली." बाकी काही बोलल्या नाहीत. या म्हणाल्यात, रिकाम्या हाताने. काय करायचं ते त्यांनाही सुचलेलं नाही. सुचल्याचा आव आणला नाही हे मला आवडलं.

@सुपारीची_पिशवी, "वाढली" वाचून आई आतून ओरडली, "मी तुला हेच सांगत होते!"

---

इंदोरा_१४ | रविवार, ८:२५

वाचून दाखवलं ते चालेल. येईन की नाही बघू. पणजीच्या पायाच्या घट्ट्यांचं आजी अजून सांगते, कुठे होते, केवढे होते. ती ८६ची आहे. तिला घेऊन आलो तर चालेल का तेवढं विचारा.

---

केळीबागवाली | रविवार, ८:२७

चालेल. विचारायची गरज नाही.

---

खडकू | रविवार, दुपारी १२:१०

अवांतर करतो, पण नागपुरात दागिन्यांचा धागा आणि माहुरझरीचं नाव नाही?

काटोल रोडने बाहेर पडलात की थोड्याच अंतरावर हे गाव. इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातली शिळावर्तुळं आहेत, म्हणजे मोठ्या दगडांचं कडं करून आत केलेली दफनं. डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देवांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खणलं तेव्हा अकीक, कार्नेलियन अशा रंगीत दगडांचे मणी निघाले. माणसाबरोबर घोडा पुरलेला, आणि घोड्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने! नुसते वापरत नव्हते, मणी तिथे घडतही होते. जवळच्या जुनापाणीला तर इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच खणून पाहिलं होतं.

मणी इथेच का, तर दगड इथे आहे. दख्खनचा काळा पाषाण पश्चिमेकडून येतो आणि नागपूरपाशी त्याची कड संपते. लाव्हा थंडावताना वायूचे जे बुडबुडे आत अडकले त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक भरला. सेमिनरी हिल्सवर पावसाळ्यानंतर खाली बघत चाला. मी शाळेत असताना खिसे फाडून घेतलेत.

मण्याचं भोक बघण्यासारखं असतं. दोन्ही टोकांकडून पाडत आणतात, मध्ये भेटतात, आणि भेटताना जरा चुकतात. भिंगातून ती पायरी दिसते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कोणाचा तरी हात केसभर चुकलाय ते दिसतं. त्या ताईंना सांगा मुलांना एकदा तिकडे न्या. वर्तुळातला दगड मात्र उचलू नका.

---

प्रयोगवही | रविवार, ३:३०

काळजीची सूचना. अशा वर्गांत लोक हमखास गुंजा घेऊन येतात. लाल-काळ्या, सुंदर, आणि आजोबांच्या तराजूत होत्याच: ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. पण त्यात अब्रिन नावाचं जहाल विष असतं. साल अखंड असते तोवर ते आत राहतं, भोक पाडलं की पावडर नाकात, बोटावर. गुंजा ओवू नका, भोक तर अजिबात पाडू नका. मॅंगनीजही कोरडं घासू नका, ओलं ठेवून मास्क लावून घासा. आणि काळे हात घेऊन चहा प्यालात हे वाचून मला घाम फुटला.

---

केळीबागवाली | रविवार, ४:०२

कळवते लगेच. एकाने गुंजा आणल्याच आहेत. 🙈

---

इतवारीचा_बोका | मंगळवार, रात्री ११:१५

दोन दिवस गप्प होतो, कारण आहे.

गोंड्याचं तुम्ही विचारलंत ते लागलं. बाबांना विचारलं, मोडीतले दोरे-गोंडे जातात कुठे? म्हणाले, गिऱ्हाईक नेतं, नाहीतर डब्यात. कोणता डबा? तर माळ्यावर पत्र्याचा डबा आहे, डालड्याचा मोठा. आजोबांच्या वेळचा. काळे मणी फेकायचे नसतात म्हणून आजोबांनी कधी फेकले नाहीत, आणि मण्यांबरोबर दोरेही राहिले.

काल उतरवला. वर वर्तमानपत्र, मग काळ्या पोती गाठीसकट, लाल, हिरवे गोंडे, कापलेले रेशमी फास, एका डोरल्याची नुसती दोरी, लाखेचे खडे. तेलाचा आणि घामाचा वास येतो अजून, खोटं नाही सांगत. काही पुड्यांना चिठ्ठी आहे, आजोबांच्या अक्षरात फक्त तारीख आणि वजन. नाव नाही. वजन सोन्याचं, जे त्यात आता नाही.

बाबा म्हणाले, १९६३ नंतरच्या दोन-तीन वर्षांतल्या पुड्या सगळ्यात जास्त आहेत. घडवणं बंद, मोड चालू. सुपारीच्या आजींना सांगा.

माझं मत बदललं असं समजू नका. तांब्याच्या तारेला मोड नाहीच. पण गोंड्याची गाठ तुम्हाला उसवून बघायची नाही ना, तर इथे शे-दीडशे उसवायला आहेत. पटवेकर काका पण सापडले, मस्कासाथेत, डोळ्याने अधू आहेत, पण हात चालतो म्हणतात. गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं. ताईंना आणि त्या नऊ जणांना घेऊन या. इंदोराभाऊ, आजीला खुर्ची ठेवतो, जिना एकच आहे, चढवून घेऊ.

फक्त एक. नेणार असाल तर गोंडे मोजून घ्यायचे आणि वहीत सही करायची. सराफाचं घर आहे, बिनवजनाचं काही बाहेर जात नाही.

---

संत्र्याची_साल | मंगळवार, ११:२०

मी तं क्लासमंधी नाही बा, पण गोंडे मोजाले येऊ का?

---

नुस्ता_वाचक | मंगळवार, ११:२१

फोटो काढा रे कोणीतरी.